बडोद्याच्या महाराजांची अमेरिकावारी

परदेशात जाऊन आलं की दृष्टी विशाल होते, हे वाक्य आपल्याकडे शाळेच्या निबंधापासून सत्काराच्या भाषणापर्यंत इतकं वापरलं गेलंय की त्यावर कुणी शंकाच घेत नाही. घ्यायला हवी. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी आपल्याकडचे काही राजे लंडनला गेले. जयपूरच्या माधोसिंह महाराजांनी अख्खी बोट भाड्याने घेतली आणि चांदीचे प्रचंड रांजण भरून गंगाजल सोबत नेलं, परमुलखातलं पाणी तोंडात जायला नको म्हणून. त्याच सोहळ्यासाठी कोल्हापूरचे शाहू महाराजही गेले होते. ते तिकडे असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारा त्यांचा हुकूम करवीर संस्थानात प्रसिद्ध झाला. समुद्र तोच, समारंभ तोच. तेव्हा नुसतं जाऊन येण्याने काही होत असेल, यावर माझा विश्वास नाही.

मग होतं ते कशाने होतं? हे तपासायला मी एक जुनं प्रकरण घेतलंय: बडोद्याचे सयाजीराव गायकवाड (तिसरे), त्यांनी १९०६ साली अमेरिकेत पाहिलेली ग्रंथालयं, आणि त्यातून बडोदे संस्थानात उभी राहिलेली गावोगावच्या वाचनालयांची व्यवस्था. घेण्याचं कारण असं की माणूस काय डोक्यात घेऊन गेला, काय पाहिलं, कोणाला सोबत आणलं आणि गावात शेवटी काय पोचलं, ही साखळी इथे जवळजवळ पूर्ण दिसते. आणि ती कुठे तुटली तेही दिसतं.

गेले ते झोप येईना म्हणून

सयाजीरावांचा जन्म १८६३ चा, नाशिक जिल्ह्यात मालेगावाजवळच्या कवळाणे गावचा. मूळ नाव गोपाळ. मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी पदच्युत केल्यावर १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी या शेतकरी घरातल्या मुलाला दत्तक घेतलं. तोपर्यंत शाळेशी त्याचा संबंध नसल्यासारखाच. म्हणजे ज्या वयात इतर मुलं इंग्रजी दुसरी-तिसरीत असायची, त्या वयात हा भावी राजा इलियट नावाच्या शिक्षकाच्या हाताखाली बाराखडीपासून सुरुवात करत होता. हे लक्षात ठेवायला हवं. मोठेपणी अक्षरओळख झालेल्या माणसाला वाचता येणं ही गोष्ट कधी गृहीत धरता येत नाही.

१८८१ च्या डिसेंबरात राज्याचे पूर्ण अधिकार हाती आले. सहा वर्षांत प्रकृती बिघडली, निद्रानाश, थकवा. डॉक्टरांनी हवापालट सुचवला म्हणून १८८७ मध्ये ते पहिल्यांदा युरोपात गेले. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, असं मानणारा तो काळ. पुढे या वाऱ्या वाढतच गेल्या, आणि मुक्काम लांबत गेले. परदेशातल्या हॉटेलातून टपालाने आणि तारांनी राज्यकारभार चाले. रयतेचा पैसा तिकडे खर्च होतो, राजा घरी सापडत नाही, ही टीका तेव्हाही होती आणि ती अगदीच चुकीची नव्हती. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने तर १९०० साली संस्थानिकांच्या परदेशवाऱ्यांना परवानगीचं बंधन घालणारं परिपत्रकच काढलं. सयाजीरावांना ते फार झोंबलं. कर्झनचा हेतू रयतेच्या कळवळ्याचा होता असं मानायची गरज नाही. पण प्रश्न रास्त होता. राजा वर्षवर्षभर बाहेर राहून घरी आणतो काय?

पहिल्या काही वाऱ्यांचं उत्तर द्यायचं तर थोडं सांभाळूनच द्यावं लागेल. १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू झालं, रंगकाम, विणकाम, यंत्रकाम असलं हाताला काम देणारं शिक्षण देणारी संस्था. त्यामागे युरोपातलं पाहणं होतं, तसे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जरही होते. (दादासाहेब फाळके याच कलाभवनचे विद्यार्थी.) पण कलाभवन शहरातलं. खेड्यातल्या माणसापर्यंत पोचलेली गोष्ट वेगळीच आहे, आणि तिचा उगम परदेशात नाही, अमरेलीत आहे.

प्रश्न घरचा होता

१८९३ मध्ये सयाजीरावांनी अमरेली तालुक्यात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, आधी प्रयोग म्हणून. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा अशी सक्ती नव्हती. १९०६ पासून ही सक्ती साऱ्या संस्थानाला लागू झाली, मुलींसकट. मूल शाळेत पाठवलं नाही तर आईबापांना दंड. मधल्या काळात छप्पनचा (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा) दुष्काळ येऊन गेला होता, तिजोरी खरवडली गेली होती, तरीही हे झालं.

सक्ती लागू केली की तिच्या पोटातून एक नवी अडचण निघते, आणि ज्याने कधी खेड्यातली शाळा चालवली आहे त्याला ती सांगावी लागत नाही. पोरगं चार-पाच इयत्ता शिकतं, शेतावर जातं, आणि दोन-तीन वर्षांत अक्षरं विसरतं. घरात छापील कागद नाही, गावात नाही, तालुक्याला गेलं तर तिथेही विकत घ्यायला पैसा नाही. शिक्षणावर खर्च केलेला रुपया पाण्यात जातो. हा हिशेबाचा प्रश्न होता. तो सोडवायला शाळा पुरेशी नव्हती. शाळेनंतरचं काहीतरी हवं होतं.

त्या वेळी आपल्याकडे वाचनालयं नव्हती असं नाही. रत्नागिरीचं १८२८ चं, पुण्याचं १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. पण ही बहुतेक वर्गणीवर चालणारी. जो वर्गणी भरेल त्याचं पुस्तक. कुलूपबंद कपाट, टेबलामागे कारकून, हातात यादी. वकील, मामलेदार कचेरीतले लोक, शिक्षक यांच्यापलीकडे सहसा कुणी पायरी चढत नसे.

१९०६ मध्ये महाराणी चिमणाबाईंसह सयाजीराव अमेरिकेत गेले तेव्हा ही अडचण डोक्यात ताजी होती. तिकडे त्यांना जे दिसलं ते तिकडच्या लोकांना नवलाचं नव्हतं: गावाचं ग्रंथालय. वर्गणी नाही, कपाटं उघडी, मुलांसाठी वेगळी खोली, पुस्तक घरी नेता येतं. पोलादाचा धनाढ्य कारखानदार अँड्र्यू कार्नेगी याच्या पैशातून गावोगाव इमारती उभ्या राहत होत्या, त्याही एका अटीवर: जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या १० टक्के इतकी रक्कम दरवर्षी चालवण्यासाठी गावानेच उभी करायची.

माझं मत या प्रकरणाबद्दल हे आहे: अमेरिकेने सयाजीरावांना कल्पना दिली नाही, अमरेलीने दिली. अमेरिकेने तिला आकार दाखवला. लोकांनी शिकावं हे त्यांना आधीच पटलेलं होतं. शिकलेलं टिकतं कसं, हे त्यांनी तिकडे चालू स्थितीत पाहिलं. ज्यांच्या डोक्यात असा प्रश्न नव्हता असे कितीतरी हिंदी प्रवासी त्याच ग्रंथालयांसमोरून बग्गीतून गेले असतील, आणि इमारत छान आहे एवढं म्हणून पुढे सरकले असतील.

माणूस आणला

पाहून आल्यावर सर्वसाधारण राजाने काय केलं असतं? राजधानीत तशीच एक इमारत बांधली असती, कोनशिलेवर नाव कोरलं असतं आणि रेसिडेंटच्या (दरबारी नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्याच्या) हस्ते उद्घाटन केलं असतं. सयाजीराव १९१० मध्ये पुन्हा अमेरिकेत गेले आणि त्यांनी एक ग्रंथपाल आणला. विल्यम ॲलन्सन बोर्डन, कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनच्या यंग मेन्स इन्स्टिट्यूटचा. हा माणूस कुणी सेठ-सावकार किंवा प्रसिद्ध विद्वान नव्हता. बॉस्टनला चार्ल्स कटर या ग्रंथपालाच्या हाताखाली तयार झालेला, कोलंबियात मेल्व्हिल ड्यूईने काढलेल्या ग्रंथपालांच्या शाळेत शिकवलेला, असा कामातला माणूस. संस्थानच्या ग्रंथालय खात्याचा संचालक म्हणून तो तीन वर्षं बडोद्यात राहिला.

त्याने पहिल्यांदा काय केलं ते पाहण्यासारखं आहे. महाराजांचा राजवाड्यातला सुमारे २० हजार पुस्तकांचा खासगी संग्रह बाहेर काढून सरकारवाड्यात मध्यवर्ती ग्रंथालय लावलं. पुस्तकांची सूचीकार्डं केली. कटर आणि ड्यूई यांच्या पद्धती एकत्र करून बडोद्यासाठी वर्गीकरणाची वेगळी रीत बसवली. मुलांसाठी खोली केली, बायकांसाठी वेगळा विभाग केला. आणि १९११ मध्ये स्थानिक माणसांसाठी ग्रंथपालनाचा वर्ग सुरू केला. हिंदुस्थानातला हा बहुधा पहिलाच. माझ्या मते या सगळ्यात वजनदार काम हेच: बोर्डनने आपल्या जाण्याची तयारी आल्याबरोबर सुरू केली. १९१२ पासून खात्याचं एक नियतकालिक निघू लागलं, त्यात इंग्रजीबरोबर मराठी आणि गुजराती भागही असे. संस्थान गुजराती रयतेचं आणि दरबार मराठी, त्यामुळे दोन्हींना पर्याय नव्हता.

तरीही बोर्डन एकटा असता तर हे सगळं बडोदे शहरातल्या मांडवी दरवाज्याच्या आतच राहिलं असतं. खेड्यापर्यंत गोष्ट गेली ती मोतीभाई अमीन यांच्यामुळे. हे गुजरातेतल्या चरोतर भागातल्या वसो गावचे, पेशाने शिक्षक. अमेरिका त्यांनी पाहिली नव्हती. १९०६ च्या सुमारासच त्यांनी मित्रमंडळ नावाने गावोगाव छोटी वाचनालयं काढायला सुरुवात केली होती, बोर्डन बोटीत चढण्याच्या कितीतरी आधी. खात्याचा ग्रामीण विभाग त्यांच्याकडे आला. कार्डं कशी लावायची हे बोर्डनला ठाऊक होतं; पाटील कोणत्या शब्दाने वळतो, वाचनालय मंदिराच्या ओसरीत ठेवलं तर कोण येणार नाही, हे मोतीभाईंना. परदेशवारीच्या कौतुकात हा दुसरा माणूस नेहमी गाळला जातो. तो गाळला की गोष्ट चुकते.

तिसरा हिस्सा आणि पेटी

पैशाची रचना सोपी होती. गावाने ठरलेली रक्कम जमवली की तेवढीच प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. वाचनालयाला इमारत हवी असेल तरी हाच हिशेब, तीन हिस्से. कार्नेगीच्या अटीशी याचं नातं जुळतं. नक्कल म्हणणार नाही, कारण गावाने काहीतरी दिल्याशिवाय गावाला ते आपलं वाटत नाही हे शहाणपण आपल्याकडच्या ग्रामवर्गणीतही होतंच. अट एक: वाचनालय सगळ्यांना मोफत खुलं. या रचनेवर सयाजीरावांच्या हयातीत, म्हणजे १९३९ पर्यंत, संस्थानातल्या वाचनालयांची संख्या हजाराच्या वर गेली.

ज्या गावाला एवढंही जमत नव्हतं तिथे पेटी जायची. लाकडाची मजबूत पेटी, आत १५ ते ३० पुस्तकं. गावातला जबाबदार माणूस, बहुधा शाळामास्तर, ती मागवायचा; येण्याजाण्याचं भाडं खात्याचं. गावातल्या वाचणाऱ्यांमध्ये पुस्तकं फिरायची, मग पेटी परत आणि बदल्यात दुसरी. फिरती ग्रंथालयं अमेरिकेत होतीच. पण इथे अडचण निराळी होती. पेटी भरायला मराठीत आणि गुजरातीत पुस्तकं कुठे होती? किर्तनाच्या पोथ्या आणि शाळेची क्रमिक पुस्तकं सोडली तर शेतकऱ्याच्या मुलाला वाचता येईल असं फार थोडं. म्हणून मग श्री सयाजी साहित्यमाला आणि श्री सयाजी बालज्ञानमाला या मालिका निघाल्या. इतिहास, विज्ञान, आरोग्य, चरित्रं अशा विषयांवरची पुस्तकं दोन्ही भाषांत लिहवून आणि भाषांतरित करून घेण्यात आली. आणि ज्यांना अक्षरच येत नाही त्यांच्यासाठी खात्याने चित्रं, स्लाइड आणि सिनेमाचं यंत्र घेऊन गावात खेळ दाखवले. ग्रंथालय खात्याने निरक्षरांसाठी सिनेमा फिरवावा, हे मला या साऱ्या प्रकरणातलं सगळ्यात कल्पक पाऊल वाटतं. ते कुठल्याही एका देशात जसंच्या तसं पाहून उचललेलं दिसत नाही. इथवर येईपर्यंत अमेरिकेतली मूळ गोष्ट पार बदलली होती, आणि तेच बरं झालं.

सप्टेंबर १९१७

आता या प्रकरणाची दुसरी बाजू. ती वगळून सयाजीरावांवर लिहिणं म्हणजे गौरवग्रंथ लिहिणं.

१९१३ मध्ये सयाजीरावांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात परतल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, त्याच कोलंबियात जिथे बोर्डनने कधीकाळी शिकवलं होतं. (तिथे आंबेडकरांचे गुरू होते ते तत्त्वज्ञ जॉन ड्यूई, ग्रंथपालांची शाळा काढणारे ते मेल्व्हिल ड्यूई. दोघांची गल्लत नेहमी होते.) मे १९१६ मध्ये त्यांनी एका चर्चासत्रात जातीसंस्थेवर निबंध वाचला. जातीबाहेर लग्न न करण्याच्या नियमावर सगळी इमारत उभी आहे, असं त्यात त्यांनी दाखवलं. घरापासून हजारो मैल दूर बसून घराचा पाया मोजायचा, ही सवलत त्यांना परदेशाने दिली.

मग लंडन, आणि शिष्यवृत्ती संपल्यावर करार पाळायला बडोदं. सप्टेंबर १९१७. स्टेशनवर उतरल्यावर कुठलंही हिंदू हॉटेल आपल्याला घेणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पार पुसली गेली होती, ती बडोद्यात पाय ठेवताच समोर उभी राहिली, असं त्यांनी पुढे लिहिलं आहे. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले, दिवसाला दीड रुपया भाडं. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत चालतं होण्याची धमकी देऊन गेले. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतच होता. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे शब्द टाकून पाहिला, दोघांनीही नाना कारणं सांगितली. गाडी रात्रीची. तोवर ते कमाटीबागेत बसून राहिले आणि मुंबईला परतले.

ही तीच राजधानी, जिथे त्या वेळी उघड्या कपाटांचं मोफत ग्रंथालय चालू होतं. जिथल्या राजाने १८८० च्या दशकापासून अंत्यज (अस्पृश्य) मुलांसाठी शाळा काढल्या होत्या, आणि हिंदू मास्तर मिळेनात म्हणून मुसलमान मास्तर नेमले होते. राजा वीस-तीस वर्षं जग पाहत होता. त्याचा कारकून, त्याचा हॉटेलवाला, त्याच्या दिवाणखात्यातला अर्ज पुढे सरकवणारा माणूस मात्र बडोद्यातच होता. हुकमाने कपाट उघडता येतं, फी माफ करता येते, दंड बसवता येतो. घराचा दरवाजा हुकमाने उघडत नाही, निदान सयाजीरावांनी तो उघडायला लागेल एवढा जोर तेव्हा लावला नाही. महाराजांना कळलं असतं तर चित्र वेगळं असतं, असं म्हणणारे भेटतात. शिष्यवृत्ती देऊन पाठवलेला माणूस स्टेशनवर उतरून राहणार कुठे, हा प्रश्न दरबारात आधी कुणालाच पडला नाही, यातच सगळं आलं.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. परदेशाने आंबेडकरांचीही दृष्टी रुंदावली, आणि त्याचा परिणाम सुखद मुळीच नव्हता. न्यूयॉर्कमध्ये वाटेल त्या खानावळीत बसलेल्या माणसाला ती धर्मशाळा जितकी जाचली, तितकी ती कधीच मुंबईबाहेर न गेलेल्या माणसाला कदाचित जाचली नसती. प्रवासाचे गोडवे गाताना हा भाग आपण सहसा बोलत नाही.

काय आणलं नाही

अमेरिकेतून सयाजीरावांनी कार्डं आणली, वर्गीकरण आणलं, ग्रंथपाल आणला. १९३१ मध्ये मध्यवर्ती ग्रंथालयाची नवी इमारत झाली तेव्हा स्नीड कंपनीची लोखंडी मांडणी आणि उजेड खाली उतरावा म्हणून काचेच्या फरशा आल्या. त्या आजही बडोद्यात पाहता येतात. पण तिकडच्या ग्रंथालयांच्या मुळाशी असलेली एक गोष्ट त्यांनी आणली नाही. न्यू हॅम्पशायरने १८४९ मध्येच गावांना ग्रंथालयासाठी कर बसवण्याचा अधिकार कायद्याने दिला होता. म्हणजे ग्रंथालय चालायचं ते गावकऱ्यांच्या मतावर आणि त्यांनीच मान्य केलेल्या करावर. राजाने हे पाहिलं नसेल असं वाटत नाही. पण ते आणायचं म्हणजे कुणाला तरी अधिकार द्यायचा, आणि १९०८ मध्ये स्थापन केलेल्या धारासभेलाही (संस्थानच्या विधिमंडळालाही) त्यांनी मोजकाच अधिकार दिला होता. बडोद्याची हजारावर वाचनालयं शेवटपर्यंत हुकमांवर आणि अनुदानावर उभी होती. कायदा नव्हता.

१ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि ग्रंथालय खातं दुसऱ्याच प्रशासनाच्या अंदाजपत्रकात गेलं. कोल्हापूर संस्थानने १९४५ मध्ये ग्रंथालय कायदा केला होता, महाराष्ट्राने १९६७ मध्ये केला. बडोदं ज्या गुजरातेत आहे, तिथे असा कायदा व्हायला २००१ साल उजाडलं.